कॉम्प्युटरचा दसरा

३० सप्टेंबर

लिहायला उशीर झाला, राग धरू नकोस, वही. घट बसायच्या आधी घराचा दसरा काढला. गोधड्या, भांडी, फळ्या सगळं धुऊन निघालं, नंतर अंगच धरलं.

लेक मनिषा आली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. आठवा चालू आहे. सोडायला जावई आले, चारठाण्याचे दत्ता. दसरा करूनच जाणार म्हणे. पांढरे बूट घालून ओसरीभर फिरतात!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

जावई सकाळीच राजेश्रीच्या कॉम्प्युटरला भिडले. सून आहे ती माझी. पुढच्या खोलीत सेवा केंद्र चालवते. गावातले म्हातारे तिथल्या मशीनवर अंगठा देतात, तेव्हा त्यांचं रेशन अन् निराधारचा पगार हलतो.

"लय हळू चालायलाय. रजिस्ट्री साफ करावी लागंल."

मी विचारलं, ती काय असते?

"मामा, आत सगळ्या मशीनच्या, प्रोग्रामच्या नोंदी असत्यात. जुन्या साचल्या की जड होतंय. तुमी घराचा दसरा काढला, मी ह्याचा काढतो!"

राजेश्री म्हणाली, "भाऊजी, नका. नोंदीचं काय वजन पडत न्हाई त्याला. भलतीच पुसली तर मशीन वळखायचं न्हाई."

ऐकतो कोण! फुकटचा कुठला तरी सफाईचा प्रोग्राम उतरवला, बटण दाबलं. "बघा, सातशे चुका निघाल्या!" एवढ्या चुका होत्या तर कालपर्यंत चाललं कसं? पण जावयाला विचारायची सोय नाही. जीवाला घोर लागला आहे.

३ ऑक्टोबर

झालं! अंगठ्याचं मशीन मेलं.

शेजारची बायनाबाई अंगठा दाबून दाबून थकली. "सटवाजी, माझा अंगठा मेला का काय रे?" रांग रस्त्यापर्यंत गेली. माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत जावयाला धुतलं. बूट, अक्कल, खानदान, काही सोडलं नाही.

"मामा, सफाईच्या आधीच्या नोंदी ठिवल्या व्हत्या मी. परत टाकल्या. तरी चालंना. हे माझ्यानं झालं न्हाई."

"मंग कुनामुळं झालं? माझ्यामुळं?"

ते कॉम्प्युटर बंद करून उठले. मी म्हणालो, पोरीला ठेवा अन् तुमी निघा.

"बायको माझी हाय. ती बी येईल."

मनिषा रडत मला म्हणाली, "दादा, एकदा माफी मागा ना!" सासऱ्यानं माफी मागायची? तिनं पिशवी भरली. मोटारसायकलवर बसून गेली. तो खड्ड्यांचा रस्ता, अन् आठवा महिना!

४ ऑक्टोबर

राजेश्रीनं जावयाला लावून पाहिला, फोन बंद. बरं झालं. माज आहे!

५ ऑक्टोबर

राजेश्रीनं मशीनची वायर उपसली. टोकाच्या खोबणीत पिवळा गोळा.

"मामा, खंडेनवमीला हे पाटावर तुमी मांडलं व्हतं?"

मांडलं होतं. पोट ज्याच्यावर चालतं, त्याची पूजा त्या दिवशी. खुरपं, विळा, कुदळ मांडली. मनात आलं, आता घर या मशीनवर चालतं. वायर काढली, पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, वायर परत खुपसली. देवाच्या कामात कसलं विचारायचं?

तिनं सुईनं हळद उकरली. वायर परत जोडली, मशीनचा दिवा लागला. बायनाबाईचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला!

"आन् ती रजिस्ट्री?" मी विचारलं.

"भाऊजीच्या सफाईनं फायदा काय झाला न्हाई, कॉम्प्युटर हाय तसाच हळू हाय. ह्या येळी नुकसान बी झालं न्हाई. पर परत करू नगा म्हनावं त्यान्ला."

म्हणावं कसं? फोन आधी मी करायचा? या वयात? ते लहान आहेत, त्यांनी करावा. उद्या बघू.

६ ऑक्टोबर

केला नाही.

७ ऑक्टोबर

जिंतूरच्या स्टँडवर चारठाण्याचा एक माणूस भेटला. "तुमच्या मनिषाला काल जीपमधी निजवून परभनीला नेलं की! तुमाला ठावं न्हाई?"

कोणता दवाखाना, त्याला माहीत नाही. तिथूनच फोन लावत आलो. वाजतो, उचलत नाहीत. जावईबापू, चूक माझी होती. मला काय बोलायचं ते बोला. पोरगी कशी आहे तेवढं कळवा. लवकर कळवा हो.