फणसाचे काटे

रत्नागिरी, मंगळवार, संध्याकाळ

लांज्याहून काका (आत्याचे यजमान) आले, फणस घेऊन. आत्या गेल्यापासून दर मे महिन्यात आणतात. मोरीजवळ ठेवलाय. चिरवत नाही.

कोरोनाची पहिली लाट ओसरली तेव्हा असाच एक कोवळा फणस पुढ्यात घेऊन मी आत्याला विषाणू समजावला होता. विज्ञानाची बाई ना मी! म्हटलं, "त्यालाही असे काटे असतात, त्यांनीच तो पेशीला चिकटतो. तुला एकदा होऊन गेलाय, आता शरीर ते काटे ओळखतं. घाबरू नको."

आत्या काट्यांवरून हात फिरवत म्हणाली, "पण काटे बदलतात गो. फणस तयार झाला की पसरतात."

मी हसले. "विषाणू म्हणजे फणस नव्हे, आत्या." कशाला हसले?

पुढच्या उन्हाळ्यात ती आजारी शेजारणीचं करायला गेली, माझ्या भरवशावर, तोंडाला काही न बांधता. तोवर विषाणूचे काटे बदलले होते.

आज काकांनी विचारलं, "एकदा होऊन गेलेला, मग परत कसा झाला गो तिला?"

"काटे बदलले, काका. तेव्हा कुणाला ठाऊक होतं?"

त्यांनी मान हलवली. फणसावरून हात फिरवला, अगदी तिच्यासारखा.

"काटे पसरलेत," म्हणाले. "तयार झालाय."