इंग्रजीतलं खूप

राजारामपुरी, कोल्हापूर
६ जुलै १९९८

ती. सोमशेखरअण्णांस शांताचा सा. न. वि. वि.

सूनबाईचं, शिवांजलीचं, इंग्लंडहून पत्र आलं. रुद्रेश जाऊन दोन वर्षं झाली. आता ती दुसरं लग्न करते आहे. माझी ना नाही. वीस ऑगस्टला तिच्या मुलीला, सौंदर्याला, दहा वर्षं पूर्ण होतील आणि त्याच दिवशी त्या घर सोडतील. नवा पत्ता तिनं दिलेला नाही. त्याआधी आजीचं पत्र आलं आणि पोरीला वाटलं, तर तीच पत्ता कळवेल म्हणते.

नातीला मराठी येत नाही. सोबतच्या चार ओळींचं इंग्रजी करून निपाणीहूनच टाका, पाकिटामागे पत्ता मात्र माझा घाला. शेवटी खूप खूप प्रेम लिहिलंय, ते तेवढं वाटलं पाहिजे. वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती राहू द्यावी.

तुमची शांता


निपाणी
१७ जुलै १९९८

चि. शांतास अ. उ. आ.

तीन ओळी झाल्या, चौथीत अडलोय. 'अ लॉट ऑफ' सरळ, पण कोरडं. 'लॉट्स ऑफ' घरगुती. 'प्लेंटी ऑफ'मध्ये पुरे झालं असा सूर. 'लोड्स ऑफ' तिथली पोरं म्हणतात. 'टन्स ऑफ' लिहावं, तर तुझं प्रेम उसाच्या ट्रॉलीत घालून काट्यावर नेल्यासारखं. पस्तीस वर्षं मुलांच्या वह्यांतले असले शब्द लाल शाईनं खोडले, आता त्यातलाच एक निवडायचाय. तुझं मत कळव. आमची आठवण असू दे.

तुझा अण्णा


राजारामपुरी
२१ जुलै १९९८

ती. अण्णांस सा. न.

माझ्या लग्नपत्रिकेतही तुम्ही अकरा चुका काढल्या होत्या. आमच्या खालच्या मजल्यावर शिकवणीचा क्लास आहे, तिथल्या पोरांचं मत पडलं, टन्सच टाका की आजी, भारी वाटतंय. मला ट्रॉली चालते, अण्णा. कुठलाही शब्द टाका, पण पत्र आजच टाका. तिकडं पोचायला बारा दिवस लागतात. एवढी विनंती माना.

शांता


निपाणी
१२ ऑगस्ट १९९८

चि. शांतास अ. उ. आ.

पत्र काल टाकलं. मसुदा बेळगावच्या गणपतराव मास्तरांकडे तपासायला दिला होता, ते परगावी होते. त्यांनी 'लॉट्स'च ठेवलं. मग स्वच्छ प्रत केली. शाई पसरली म्हणून पुन्हा केली. रुद्रेशच्या मुलीनं आपल्या इंग्रजीला हसू नये, एवढंच मनात होतं. रागावू नकोस.

अण्णा


राजारामपुरी
९ ऑक्टोबर १९९८

ती. अण्णांस सा. न.

पाकीट काल परत आलं. त्या पत्त्यावर आता त्या राहत नाहीत.

उचगावला शिवांजलीच्या भावाकडे जाऊन आले. त्याच्याकडे नवा पत्ता आहे, पण तो देणार नाही. पोर वाढदिवसापर्यंत रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहत होती. नंतर म्हणाली, आजीला मी नको असेन. आता तिला नवे वडील आहेत, पुन्हा काही उकरू नका, असं त्यानं हात जोडून सांगितलं. मी चहा घेतला आणि निघाले.

क्लासमधल्या मुलीकडून पत्र वाचून घेतलं. एकही चूक नाही म्हणाली.

तुम्हाला बोल लावून काय करू? मला पत्र लिहिणारं आता दुसरं कुणी नाही. तेव्हा तुम्ही लिहीत राहा.

शांता