सब्जा म्हणजेच हदास

२ फेब्रु. २००९, सोम.
इस्रायलमधल्या अश्दोदहून सारूचा फोन. तिच्या नातीला मुलगी झाली, नाव हदास ठेवणार. "दादा, हदास म्हणजे कसलं रे झाड? तू हिब्रू वाचतोस ना." आपण रिटायर झाल्यावर घरच्या घरी शिकलेलो, पण ऐट केवढी! ठोकून दिलं, "अगं, आपला सब्जा. शनिवारी संध्याकाळी शब्बाथ सुटताना आई पानं चुरून सगळ्यांच्या हातावर हुंगायला ठेवायची, तोच." सारू रडलीच. "म्हणजे आईचा वास पोरीच्या नावात आला!" शनिवारी नाव ठेवताना सगळ्यांपुढे हेच सांगणार म्हणे. दिवसभर मी खुशीत.

४ फेब्रु.
उरण नाक्यावर हनीफभाईच्या अत्तराच्या दुकानात फुशारकी मारली. तो हसतच सुटला. "डॅनियलभाई, अदनला नोकरीला होतो तेव्हा आमच्या मालकाच्या अंगणात होतं ना हदस! कडक पानांचं झुडूप, पांढरी फुलं. बाकी अरब आस म्हणतात, यमनवाले हदस. सब्जा तुम्ही फालुद्यात टाका!"
घरी कोश उघडला. हनीफ बरोबर. हिब्रूत नि यमनच्या बोलीत एकच शब्द. कोणी कोणाकडून घेतला, का दोघांची आजी एकच, देव जाणे. सब्ज्याशी नातं नाही. बाहेरचे कित्येक ज्यू शब्बाथ सुटताना हदासच हुंगतात; आपल्या लोकांना कोकणात ते झुडूप मिळालं नसेल, म्हणून सब्जा हाती धरला. एवढं साधं. आणि मी...


५ फेब्रु.
सारूला तिथे जाऊन जेमतेम वर्ष. नातीचे सासरचे तिथलेच, पिढ्यान् पिढ्यांचे. दारात हदास असेल त्यांच्या. त्यांच्यापुढे म्हातारी उभी राहून सब्जा सांगणार! हसं होईल, माझ्यापायी. फोन फिरवला, ठेवला.
बायको म्हणाली, "मूग गिळून काय बसलात? सांगून टाका."

६ फेब्रु., शुक्र.
केला फोन. "सारू, ते हदासचं..."
"थांब, पाठ केलंय, ऐक!" मोडक्या हिब्रूत म्हणून दाखवलं. त्यात 'माझ्या भावाने शोधून काढलं' हेही. "उच्चार बरोबर ना रे?"
म्हटलं, छान.
उच्चार छानच होते. मेल्या, तेवढ्यावर भागतं का?

७ फेब्रु.
आपला शब्बाथ सुटला. बायकोने सब्जा पुढे केला. आशीर्वाद घाईघाईने उरकला. तिकडे नाव ठेवणं सकाळीच झालं असेल. बोलली असेल. हसले असतील, का कोणी सावरून घेतलं...
तिकडे अजून ऊन. शब्बाथ पाळते, दिवस मावळल्याशिवाय ती फोन उचलायची नाही. बायको जेवायला हाक मारतेय. मी फोनपाशीच. आज सांगायचंच. पण तिनेच आधी केला, आणि आनंदात असली तर... पुन्हा 'छान' म्हणून मोकळा होईन?