नको म्हणायची रीत

शनिवार, २८ जानेवारी १९२८

एकदाच विचारलं! पंगतीत लाडूसुद्धा तीनदा विचारतात.

हिंदुराव कामावरून आला, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "आबा, ठरलं. नैरोबीच्या रेल्वे कारखान्यात फिटर. तीन वर्सं. वच्छला, पोरं, समदीच जायाचं. तुमी येताय न्हवं?"

मी म्हटलं, "छे रे! म्हाताऱ्याला कशाला? नको."

आता रीत अशी, की पोराने म्हणावं, "असं कसं, चला की." आपण पुन्हा "नको." मग त्याने हात धरावा. मग आपण सुस्कारा सोडून म्हणावं, "बरं बाबा, तुझा आग्रहच आहे तर—"

तो "बरं" म्हणाला आणि भाकरी कुस्करायला लागला!

उभा जन्म मराठी शाळेत मास्तरकी केली. गावच्या पोरांना वृत्तं शिकवली. पोटच्या पोराला आग्रह शिकवायचा राहिला.

गुरुवार, २ फेब्रुवारी

अजून विचारलं नाही. जेवताना दोनदा खाकरलो. वच्छलेने पाणी पुढे केलं.

शनिवार, ४ फेब्रुवारी

समुद्रावरच्या कविता किती वर्गांना पाठ करून घेतल्या — आणि समुद्र पाहिलेला नाही! सिद्धेश्वराच्या तळ्यापलीकडे माझं पाणी जात नाही. लहानपणी त्या तळ्याच्या पायरीवर बसून पलीकडचा काठ नाहीच असं मानायचो. डोळे बारीक केले की जमायचं. अजून जमतं.

एक नवी कविता मनात घोळते आहे. भुजंगप्रयात.

अहा सागरा, तूं किती रे मिठाचा!
कसा होतसे तेथ पेला चहाचा?

दोन ओळी फक्कड उतरल्या. तिसरी अडली. तपकिरीची चिमूट ओढली, दणक्यात शिंकलो — मला शिंक आल्याखेरीज कविता पुढे सरकत नाही. पण नेमका हिंदुराव तेव्हा उंबऱ्यात होता. निघताना शिंक म्हणजे अपशकुन! बिचारा परत आत आला, पाटावर बसला, घोटभर पाणी प्याला, मग गेला. या आठवड्यातली तिसरी वेळ. वच्छला म्हणाली, "मामंजी, त्येंचा पगार कापतील की वो, तुमच्या शिंकंपायी!"

मंगळवार, ७ फेब्रुवारी

पोरांची बोटीची तालीम घेतली. सिदू सात वर्षांचा, म्हणून कप्तान. गोजर चार वर्षांची, म्हणून उतारू. झोपाळा म्हणजे बोट. मी तुफान.

तुफान जरा जास्त झालं. गोजर खरोखरच ओकली, माझ्या धोतरावर. कप्तान उडी टाकून पळाला.

वच्छला कपाळाला हात लावून, "बोटीवर व्हायाचं ते बोटीवर हू द्या की, मामंजी! हितं कशाला आगाऊ?"

मी म्हटलं, "सवय नको?"

"मग तुमी का बसला न्हाई झोपाळ्यावर?"

मला कोणी विचारलंय? — असं मनात म्हणत धोतर बदललं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

देवी टोचणारा आला. पोरांना टोचलं, हिंदुरावाला, वच्छलेला टोचलं, आणि मग माझी बाही वर! मी म्हटलं, "मी कुठे जातोय?" हिंदुराव म्हणाला, "घरातलं एक जरी माणूस टोचायचं राह्यलं, तरी बोटीवर घेत न्हाईत, आबा." सरकारचे कायदे! दंड सुजला आहे. ज्याने जायचं नाही त्यानेही दुखवून घ्यायचं.

मग सगळ्यांना फोटोला नेलं. आधी कुटुंबाचा. मग म्हणाले, आबांचा एकट्याचा काढा. समजलो. भिंतीवर लावून हार घालायची सोय. फोटोवाला ओरडला, "हलू नका!" आणि नेमकी शिंक आली. दाबून धरली. फोटोत मी रागावलेल्या बेडकासारखा येणार आणि त्याच्यावर झेंडूचा हार.

शनिवार, ११ फेब्रुवारी

समोरच्या घरी बसलिंगप्पाकडे गेलो. हा माझा लहानपणचा सोबती. ही सगळी जाणार, मग माझं दोन वेळचं जेवण त्याच्याकडे, निजायचं आपल्या घरी, असं मीच ठरवून टाकलं आहे. त्याच्यापाशी मन मोकळं केलं. तो गुडघा चोळत म्हणाला, "मास्तर, तू बेडा म्हणालास की! आमच्यात बेडा म्हंजे बेडा. पुन्ना कोण इचारतंय?"

"अरे, पण आमच्यात नको म्हणजे हो असतं!"

"मग हो म्हंजे काय असतं?"

या कानडी माणसाला माझ्या कविता का कळत नाहीत ते आज कळलं.

घरी कडक भाकऱ्यांची चवड छपराला लागली आहे. बोट बुडाली तर एकेका भाकरीवर एकेक उतारू तरंगेल.

सोमवार, १३ फेब्रुवारी

शुक्रवारी निघायचं, पण शुक्रवारी पश्चिमेला जाणं वाईट. जोशीबुवा म्हणाले, आजचा मुहूर्त चांगला, प्रस्थान ठेवा. म्हणजे प्रत्येक जाणाऱ्याची एकेक वस्तू गाठोड्यात बांधून मुहूर्तावर शेजारी नेऊन ठेवायची — की झाला प्रवास सुरू! निघताना गाठोडं तिथूनच उचलायचं. एकदा उंबऱ्याबाहेर गेलेली वस्तू घरात परत आणायची नाही.

वच्छलेने पिवळ्या फडक्यात हळकुंड, सुपारी, तांदूळ ठेवले. सिदूचा भोवरा आला. गोजरचं काकण आलं. हिंदुरावाची जुनी टोपी आली. माझ्याकडे कोणी काही मागितलं नाही. मी उपरण्याचं टोक पुढे करून उभा होतो — वारा घेतल्यासारखा. बराच वेळ वारा घेतला. मग सगळ्यांना बाहेर पिटाळून वच्छलेने गाठ मारली आणि गाठोडं बसलिंगप्पाच्या देवळीत गेलं.

संध्याकाळी तपकिरीची डबी सापडेना.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

उशीखाली नाही. कोनाड्यात नाही. पिठाच्या डब्यात हात घातला, तिथेही नाही. पांढरा हात घेऊन घरभर फिरलो. सिदूला दटावलं, त्याने देवाची शपथ घेतली. वच्छला चुलीकडे तोंड करून म्हणाली, "गावंल की, कुटं जातीय?"

कळलं. लपवली! शुक्रवारी निघताना म्हातारा शिंकेल, अपशकुन होईल, म्हणून. न्यायचं नाही ते नाही, वर निरोपाची शिंकही नको.

शिंकलो असतो का मी? नाही. तोंडात उपरणं कोंबून उभा राहिलो असतो.

बुधवार, १५ फेब्रुवारी

तपकीर नाही. शिंक नाही. तिसरी ओळ नाही.

गाठोडं निदान पाहून यावं म्हणून बसलिंगप्पाकडे गेलो. हात पुढे केला तोच त्याची बायको गुरम्मा कडाडली, "मुट्टबेडा! हात लावायचं न्हाई, मास्तर!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसण्यासारखं काय आहे? ज्याचं कोणी जात नाही तो हसतो.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

दोरीवरून माझी दोन धोतरं गेली. चोरही माझ्याच जिवावर उठलेत.

गोजरने विचारलं, "आबा, समिंदरात पायरी असती का वो?" मला माहीत नाही. "असते," म्हटलं. तिने बसायला जागा तरी शोधावी.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

ओट्यावर बसून लिहितो आहे. टांगेवाला तिकडे ओरडतोय.

असं झालं. सामान टांग्यावर चढलं. मी उपरणं तोंडाशी तयार ठेवून उभा. गुरम्माने गाठोडं आणलं. वच्छलेने भर रस्त्यात, माझ्या समोर गाठ सोडली. भोवरा. काकण. टोपी. तिची कुंकवाची कुयरी. आणि माझी डबी!

वच्छला म्हणाली, "मागितली असती तर नको म्हनला असता, मामंजी. प्रस्थानातली वस्तू घरात परत घेता येत न्हाई. डबी नैरोबीला चालली. येताय का तिच्यासंगं?"

हिंदुराव पुढे झाला. "टोचलं कशाला, आबा? फोटू कशाला काढला? तिकीट कवाच झालंय."

दुसऱ्यांदा विचारलं! आणि माझ्या या शहाण्या तोंडातून काय निघालं?

"छे छे... मला कशाला... नको!"

सवय, दुसरं काय! बसलिंगप्पा रस्त्यातच कपाळ बडवून घ्यायला लागला, "बेडा म्हनतोय बघा पुन्ना!" मला तर तोंड उघडायची भीती वाटायला लागली. डबी उघडली, मोठी चिमूट ओढली आणि शिंकलो. टांग्याचा घोडासुद्धा दचकला!

निघताना शिंक! सगळ्यांना आत परतावं लागलं. आता पाटावर बसून पाणी पिताहेत. मी बाहेर. पाणी संपत आलं असेल.

आता तिसऱ्यांदा विचारतील?

त्याच दिवशी, संध्याकाळी

कुर्डुवाडी. अक्षर हलतं आहे, कारण गाडी हलते आहे!

तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही. हिंदुरावाने काखेत हात घालून उचललं आणि ट्रंकेसारखं टांग्यात ठेवलं. खिडकीतून समुद्र अजून दिसत नाही. गोजर मांडीवर आहे. आत्ताच शिंक आली, आणि तिसरी ओळ—

निघालो तुला भेटण्या मीहि बाबा!