माझ्या वर्गातल्या मुली कोण फितवतं?

२६ जून १९७९
शाळा उघडली आणि बातमी कळली – यंदापासून आठवीला तांत्रिक विभाग! मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कानशी आल्या, हातोड्या आल्या, लोखंडाचे तुकडे आले. जो तांत्रिक घेईल त्याचं संस्कृत, म्हणजे माझा विषय, सुटणार. म्हणजे माझ्याच ताटातलं उचलायचं! शिकवायला रूपराव म्हणून सावनेरकडचा एक तरुण आणलाय, तात्पुरता. नमस्कार फार वाकून करतो. मला असली माणसं पटत नाहीत.

२ जुलै
मुलगे गेले तर जावोत, मुली कुठे जातात, असं मनाला समजावलं होतं. दहाजणींची तुकडी झाली तरच मुलींना शेडमध्ये घेणार, एकटीदुकटीला नाही, असं ठरलंय. तरी आज पंचफुलासकट तिघींनी नावं दिली! हेडमास्तर गिरिधरराव म्हणाले, "दत्तोपंत, मुलीही गेल्या तर संस्कृत बंद करावं लागेल. मग तुम्ही काटोलच्या शाखेत." या वयात रोज एसटीचे धक्के!
आमची लेक चारुशीला यंदा माझ्याच वर्गात आहे, पहिल्या बाकावर. तेवढंच बरं वाटतं.

५ जुलै
पंचफुलाच्या घरी गेलो. तिची आई प्रयागबाई ओट्यावर तूर निवडत होती. "लोखंड घासून पोरगी काहून बिघडंल, गुरुजी? नोकरी लागंल तिले. घरी येऊन नीट समजावून सांगितलं आमाले."
कोणी? – तर पदर तोंडाला लावून हसली. "नाव नाही सांगत. शपथ घातली हाय."
शपथ! सरळ माणसाला शपथा कशाला लागतात?

६ जुलै
संध्याकाळी रूपराव धरमपेठेत, आमच्याच गल्लीत! सायकल हातात. विचारलं तर म्हणे, "खोली पाहून राहिलो, गुरुजी." खोली म्हणे! आमच्या गल्लीत शाळेच्या चार मुली राहतात, हे मला माहीत नाही का?

९ जुलै
नऊ झाल्या. हिला म्हटलं, तो घरोघर फिरतोय. ही म्हणाली, "तुम्ही पाहिलंत का?" पाहायला कशाला हवं? चारू अर्ध्या पानावरून उठली. पोरीला बापाची काळजी वाटते.

११ जुलै
शाळेच्या कमिटीपुढे स्पष्ट बोललो – हा माणूस लोकांच्या घरात शिरून मुली फितवतो. सेक्रेटरी अनंतरावांनी त्याला बोलावलं. तो एवढंच म्हणाला, "मी कोणाच्या दारी गेलो नाही, साहेब. पोरी सोताच येऊन राहिल्या." कोण विश्वास ठेवणार! उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं त्याला. मुलींची तुकडीही रद्द. जाताना मला पुन्हा वाकून नमस्कार केला, तो मात्र जिव्हारी लागला. पण संस्कृत वाचलं. आज झोप चांगली लागेल.

१२ जुलै
सकाळी चारू समोर येऊन उभी राहिली. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "रूपराव सर कुणाकडे गेले नाहीत, बाबा. मी गेले. नऊजणी मी जमवल्या. दहावी मीच होते, फक्त तुम्हाला विचारायची भीती वाटत होती."
अनंतरावांकडे निघालो आहे, माझा आरोप खोटा होता हे सांगायला.