पहिल्या नंबरचा पर्याय

२ जून, सोमवार

गळ्यात ओळखपत्र. त्यावर माझा फोटो आणि खाली ‘शिकाऊ’. वय सत्तेचाळीस! फोटोतली बाई मुलाच्या पालकसभेला येऊन चुकीच्या वर्गात बसल्यासारखी दिसते.

साप्ताहिक बंद पडून आठ महिने झाले. एकोणीस वर्षं दर गुरुवारी कुणाची तरी टोपी उडवली. टोप्या अजून आहेत, छापणारा संपला. म्हणून गंगापूर रोडवरच्या या करिअर मार्गदर्शन केंद्रात वर्षभराची उमेदवारी. दहावी-बारावीच्या मुलांना पुढचं ठरवायला मदत करायची आणि ते करता करता आपण शिकायचं. स्वतःचं करिअर बुडालेली बाई दुसऱ्यांची करिअर लावणार — हा विषय मी लेखाला किती आनंदाने घेतला असता!

माझी गुरू योगिनी. वय एकतीस. मला ‘ताई’ म्हणते आणि ताईंना आवडणार नाही ते सगळं गोड आवाजात सांगते. पहिलाच नियम — "सल्ला द्यायचा नाही. विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं."

घरी किशोरला सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला. "तू? थांबणार?" माझा नवरा इतका मनापासून हसलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. चला, एका माणसाचं तरी भलं झालं.

४ जून, बुधवार

योगिनीची पद्धत अशी. मी मुलाशी बोलते, ती कोपऱ्यात वही घेऊन बसते. माझ्या तोंडून ‘तू असं कर’ छापाचं वाक्य निघालं की एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी, ट्रकमधून गोण्या उतरवताना मोजतात तशी. आज एका मुलाशी चाळीस मिनिटं बोलले. मला वाटत होतं, मी बहुतेक ऐकतेच आहे.

रेघा एकतीस.

"एकतीस म्हणजे वाईट का गं?"

"नाही ताई. सुरुवात आहे."

इतका गोड अपमान मला एकोणीस वर्षांत एकदाही लिहिता आला नाही.

५ जून, गुरुवार

बावीस. किशोर म्हणतो, घरीही वही सुरू करू. दोनशे पानी आणतो म्हणाला.

९ जून, सोमवार

आज नाथाभाऊ आणि त्यांची मुलगी हर्षाली. सिन्नरच्या पुढच्या एका गावातले. नाथाभाऊ तिथल्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार. कामावरून सुटून तसेच आले होते. हर्षालीला दहावीला एकाहत्तर टक्के. आयटीआयला घालायचं हे ठरलेलं, कुठल्या ट्रेडला ते ठरायचं होतं.

मी हर्षालीला विचारायचे, उत्तर नाथाभाऊ द्यायचे.

"तुला काय शिकावंसं वाटतं, हर्षाली?"

"कंप्युटर टाका मॅडम. एक वर्षाचा कोर्स हाय. सिन्नरलाच मिळतो. सावलीत बसून काम. पोरीच्या जातीला बरं."

हर्षाली स्वतःच्या चपलांकडे पाहत होती. चपलांनाच विचारावं की काय!

मला राहवलं नाही. म्हटलं, "नाथाभाऊ, तुमच्या कारखान्यात सावलीत बसणाऱ्याला जास्त पगार की घाम गाळणाऱ्याला?"

"सावलीवाल्याला की!"

हरले. साफ हरले. पण हर्षाली हसली, पहिल्यांदाच. म्हणजे पोरगी बापाच्या धाकात आहे आणि आतून काहीतरी वेगळंच हवंय तिला! असं मला तिथल्या तिथे कळलं. मला सगळं तिथल्या तिथेच कळतं.

११ जून, बुधवार

हर्षाली आज एकटी आली, बसने. नाथाभाऊंची ड्यूटी होती. बापाची सावली नसल्यावर पोरगी बोलली!

परीक्षा संपल्यावर ती द्राक्षाच्या पॅकहाउसला कामाला जायची. तिथल्या थंड खोलीचं मशीन एकदा बंद पडलं. "सगळे नुसते पळत होते मॅडम. नाशिकहून मेकॅनिक आला. मी बघत होते तो काय काय करतो ते."

बास. मला सापडलं! तिला म्हटलं, अगं, रेफ्रिजरेशनचा ट्रेड असतो. नाशिकला आहे. दोन वर्षांचा. ह्या जिल्ह्यात जागोजागी थंड खोल्या, आणि त्या दुरुस्त करणारी बाई एक नाही. "आणि कंप्युटर शिकून काय करशील? सावलीत बसून सावलीच टाइप करशील?" हसली. मग मी साहेबाच्या खुर्चीवर एक विनोद केला, प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदावर एक. दोन्हीला हसली. चांगला श्रोता मिळाला की माझं असं होतं.

तिथेच बसून ऑनलाइन फॉर्म भरला. पसंतीक्रम — एक, रेफ्रिजरेशन, नाशिक. दोन, कंप्युटर, सिन्नर. तिला नियम नीट समजावला. पहिल्या नंबरचं लागलं की घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्या बंद. स्थळं पाहायला निघावं आणि पहिल्याच घरी ‘पसंत आहे’ म्हणाले की लग्न, असा कारभार. वीस तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत क्रम बदलता येतो, तेही सांगितलं.

"बदलायचंय का काही?"

"नाही मॅडम."

रेघा नऊ! फक्त नऊ! मी जिन्यावरून गाणं म्हणत उतरले.

१२ जून, गुरुवार

योगिनी म्हणते, काल विनोदांना रेघ मारायची की नाही ते तिला कळेना. विचार करून आज मारल्या. नऊच्या बारा झाल्या.

"हसणं म्हणजे हो म्हणणं नसतं, ताई. समोरची बाई मोठी आहे, मॅडम आहे, म्हणूनही मुलं हसतात."

"मग माझे वाचक? एकोणीस वर्षं हसले ते?"

"ते शिव्यांची पत्रं लिहू शकत होते ना."

दिवसभर हे वाक्य सँडलमधल्या खड्यासारखं टोचत राहिलं. काढायला वाकले नाही.

१६ जून, सोमवार

देवळाली कॅम्पच्या एका शाळेत गटमार्गदर्शन. साठ मुलं. "तुम्हाला काय आवडतं?"

"सुट्टी!" एकमताने.

रेघा शून्य. मला बोलूच दिलं नाही.

२१ जून, शनिवार

दुपारी नाथाभाऊंचा फोन. त्यांच्या कारखान्यात मोबाईल गेटवर जमा करावे लागतात. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन केला होता. पाठीमागे ट्रकचे हॉर्न.

"मॅडम, यादी गुरवारी ना? सिन्नरचं कंप्युटर लागंल ना?"

"हर्षालीने सांगितलं नाही का तुम्हाला, पहिला नंबर कशाला टाकलाय ते?"

"त्येच की. कंप्युटर. तिला लय नाद हाय त्याचा. आख्ख्या गल्लीचे फारम तीच भरती मोबाईलवर. रेशनकार्ड म्हणू नका, सातबारा म्हणू नका, जमिनीच्या मोजणीचा अर्ज म्हणू नका. रविवारी आमच्या वट्यावर लाईन असती मॅडम! म्हणून तर म्हटलं, तिच्या आवडीचं टाका."

मी काय बोलले ते आठवत नाही. "बघू हं" म्हणाले असेन. काही सुचलं नाही की मी ‘बघू’ म्हणते, आमदारासारखं.

तिच्या आवडीचं! सावली बापाची नव्हतीच, तिची होती. आणि मी तीन विनोदांत ती उडवून लावली. रविवारी काय करतेस गं? एवढं विचारायला किती वेळ लागला असता? बोलायला लाजणारी पोर, समोर ओळखपत्र घातलेली बाई, ती बाई कंप्युटरला हसतेय. ती काय म्हणणार होती?

आणि फॉर्म काल पाच वाजता बंद झाला. रेफ्रिजरेशन तिला लागणारच. मुलींच्या राखीव जागांना तिथे मुलीच मिळत नाहीत, हे योगिनीनेच शिकवलं होतं. लागलं की घ्यावंच लागणार. नाही घेतलं तर घरी बसणार. माझ्या एका टाळीच्या वाक्यापायी पोरीची दोन वर्षं.

२२ जून, रविवार

किशोरला सगळं सांगितलं. त्याने एकही टोमणा मारला नाही. म्हणजे प्रकरण खरंच वाईट आहे.

२३ जून, सोमवार

योगिनीला सांगितलं. वही उघडली नाही तिने.

"तुम्ही जाऊन सांगा ताई. यादीच्या आधी. यादी लागल्यावर सांगितलंत तर ती नुसती बातमी झाली."

"फोन करू का?"

"फोनवर तुम्हाला काहीतरी गमतीचं सुचेल."

ओळखून आहे कार्टी.

२४ जून, मंगळवार

सिन्नरपर्यंत बस, पुढे जीप, फाट्यावरून चालत. नाथाभाऊ घरीच होते, आठवडी सुट्टी. वट्यावर सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी ग्लास हातात घेऊनच सगळं सांगितलं. विनोद न करता. किती लहान होतं ते! पाच-सहा वाक्यांत संपलं.

नाथाभाऊंनी माझ्या हातातला ग्लास घेऊन खाली ठेवला.

"मंजी नाशिकला? रोज?"

"हो."

"दोन वर्षं?"

"हो. चूक माझी आहे नाथाभाऊ. हर्षालीला मी विचारलंच नाही नीट."

ते उठले, दाव्याला अडकलेली शेळी सोडवली, परत येऊन बसले. "तुमी शिकलेल्या हायेत मॅडम. तुमाला काय बोलायचं."

आजवर मला आलेली शिव्यांची सगळी पत्रं एका पारड्यात घातली तरी हे एवढं वाक्य जड होईल. बरं, बोलले ते चिडून नाही. तेच वाईट.

हर्षालीने चहा आणला. तिचा चेहरा वाचता येईना. मग मला सोडायला फाट्यापर्यंत आली. मी तिची वेगळी माफी मागितली. "असू द्या मॅडम," म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर म्हणते —

"मॅडम, पहिल्या नंबरचं लागलं की खरंच नाही म्हणता येत नाही? घरच्यांनी म्हटलं तरी?"

"म्हणता येतं गं. पण मग पुढच्या फेऱ्या गेल्या."

"म्हणजे वर्षच जातं."

"बहुतेक."

तिने दोनदा मान हलवली, हिशोब जुळवून पाहावा तशी. आणि चालू लागली. केवढी घाबरली आहे पोर! आणि मला धीर देणारं एक वाक्य सुचू नये? जीपमध्ये डोळे भरून आले. शेजारच्या बाईने पदराने मला वारा घातला. "माहेराहून निघालात का ताई?"

हो म्हटलं.

२६ जून, गुरुवार

साडेअकराला हर्षालीचा फोन.

"मॅडम, पहिल्या नंबरचं लागलं."

मी खुर्चीत बसले.

"सर्व्हेअर. नाशिक."

"काय??"

"जमीन मोजतात ना, ते. तुमच्याकडून निघाले त्याच दिवशी बसमध्ये बदललं. तुमचं दोन नंबरला ठेवलं होतं. अप्पांचं कंप्युटर तीनला." मग एकदम, धडाधड, चपलांकडे पाहणारी हीच का ती असं वाटावं इतकं बोलली. "मोजणीचे अर्ज सगळ्या गावाचे मी भरते मॅडम. बांधावरून भांडणं होतात, मोजायला तालुक्याहून कोणीतरी येतो, तिपाईवर मशीन लावतो, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. मला ते मशीन लावायचंय."

"अगं, मग परवा का नाही बोललीस?"

"आधी कळलं असतं तर अप्पांनी गावातल्या अकरावीला नाव घातलं असतं. आता तिथले प्रवेशही संपले, हे सोडलं तर वर्ष जाईल ना."

"फाट्यावर तर आपण दोघीच होतो!"

"तुम्ही परत जाऊन अप्पांना सांगितलं असतं."

खोटं कसं म्हणू?

"मॅडम, अप्पांची सुट्टी चारला होते. आजपण तुम्हीच या ना सांगायला. तुमच्यावर ते ओरडत नाहीत."

दीडची सिन्नर गाडी आहे. निघते.