आजच, असं मी म्हणाले

३ मार्च, मंगळवार

बंगल्याचा मालक आणि कंत्राटदार! समोरासमोर बसवले की नुसते गुरगुरतात. कंत्राटदार म्हणतो, मागची वाढीव भिंत तुम्हीच सांगितलीत, पैसे द्या. मालक म्हणतो, कागदावर कुठंय? आणि रागारागात अर्धवट बांधकामालाच कुलूप ठोकून बसलाय. कोर्टात गेले तर निकाल नातवंडं ऐकतील. म्हणून मध्ये मी — मध्यस्थ!

शेवटी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. एकाचं दुसऱ्याला सांगणार नाही, असा शब्द दिला. तो मी सगळ्यांनाच देते.

एकटा सापडल्यावर मालक निवळला. "भिंत मीच सांगितली होती हो. देऊन टाकू पैसे. पण आधी त्याला जरा घाम फुटू दे!" हे मी पोटात ठेवलं.

५ मार्च, गुरुवार

आज कंत्राटदार दार लावून बोलला. त्याचा मिक्सर, सेंटरिंगच्या प्लेटा, सगळं त्या कुलपाआड. सोमवारी नवीन काम सुरू झालं नाही तर ते हातचं जाणार. "बाई, त्याला कळलं तर तो माझी मान पिरगाळेल. तुम्हाला म्हणून सांगतो."

आणि मी काय केलं? पलीकडच्या खोलीत गेले आणि म्हणाले — "सामान आजच सोडता आलं तर बरं होईल." आजच! काय नडलं होतं? मालकानं कान टवकारले. "आजच? म्हणजे गडी अडलाय तर!" मी घाईघाईनं "तसं नाही हो" म्हणाले, तर तो हसलाच.

मग काय. दोघं समोरासमोर येताच मालकानं सुनावलं — "भिंतीचा एक पैसा मिळणार नाही. सही कर, सामान उचल." कंत्राटदार माझ्याकडे बघत राहिला, मी टेबलाकडे. त्यानं हक्काच्या पैशांवर पाणी सोडलं. वर मलाच हात जोडले — "सुटलो बाई, तुमच्यामुळे."

तुमच्यामुळे!

६ मार्च

ऑफिसात सगळे पाठ थोपटतायत. दोन बैठकांत मिटवलंत म्हणे! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ मार्च, शनिवार

जेवताना हे म्हणाले, "भाजीत मीठ घालायचं राहिलं वाटतं." आणि मी रडायलाच लागले. सगळं सांगून टाकलं. (तेही सांगायला नको होतं. जिभेला हाडच नाही माझ्या!)

"मुद्दाम केलंस का?" नाही. "मग त्याला सांग. फार तर करार मोडेल."

आणि त्याचं सोमवारचं काम? म्हटलं मी तसं, पण ते निमित्त. माझी अब्रू जाईल, याचीच भीती.

९ मार्च, सोमवार

धीर करून फोन लावला. मागे मिक्सरची घरघर. तो ओरडून सांगत होता, "बाई, काम सुरू झालं!" मी म्हणाले, "छान, छान. सहज केला होता."

सहज! थू माझ्यावर.

१२ मार्च

कंत्राटदाराचा फोन. त्याच्या साडूचंही दुसऱ्या एका मालकाशी फाटलंय. साडू आधी यायला तयार नव्हता, यानंच पटवलं — "बिनधास्त जा. मनातलं सगळं सांग. बाईंच्या पोटातलं ओठावर येत नाही."

उद्या येतोय. मी 'पाठवा' म्हणाले.